स्ट्रिंगीबार्क ओढा, २६ ऑक्टोबर १८७८ : चौघे गेले, एक परतला

एकोणिसाव्या शतकातला दरोडेखोर नेड केली याचं नाव निघालं की ऑस्ट्रेलियात कुणालाही ते लोखंडी शिरस्त्राण आठवतं. हे प्रकरण त्या चिलखताच्या वीस महिने आधीचं आहे. यात चिलखत नाही, बँक नाही, रेल्वे नाही. रानातल्या एका मोकळ्या तुकड्यावर पोलिसांचा तळ पडला होता, तिथे तासाभराच्या आत तीन पोलीस मारले गेले. केली पुढे फाशी गेला तो याच तिघांपैकी एकाच्या खुनासाठी.

बहुतेक लिखाण गोळी आधी कुणी झाडली यावर रेंगाळतं. न्यायालयाच्या दृष्टीनं तो प्रश्न मोठा आहे, त्याकडे पुढे येऊच. पण पोलिसी कामाच्या नजरेनं पाहिलं, तर संध्याकाळी पाचला जे घडलं त्याची बरीचशी तयारी सकाळी सहापासून तळावरच चालली होती, आणि ती पोलिसांच्याच हातून.

मागची हकीकत थोडक्यात. व्हिक्टोरिया तेव्हा ब्रिटिश वसाहत होती. तिच्या ईशान्य भागात छोट्या तुकड्यांवर शेती करणारी, बरीचशी आयरिश वंशाची कुटुंबं आणि मोठे मेंढपाळ जमीनदार यांच्यात कायमचा खटका. घोडेचोरी हा तिथला जवळजवळ जोडधंदा. १५ एप्रिल १८७८ रोजी कॉन्स्टेबल अलेक्झांडर फिट्झपॅट्रिक हा ग्रेटाजवळच्या केलींच्या घरी धाकट्या डॅनला घोडेचोरीसाठी पकडायला एकटाच गेला आणि मनगटाला जखम घेऊन परतला. नेडनं गोळी घातली, असा त्याचा जबाब. नेड तिथे नव्हताच, असं केली कुटुंबाचं म्हणणं. या फिट्झपॅट्रिकला पोलीस खात्यानंच १८८० मध्ये नालायक ठरवून काढून टाकलं, हे लक्षात ठेवण्यासारखं. तोपर्यंत त्याच्या शब्दावर केलींची आई एलन हिला तीन वर्षांची सक्तमजुरी झाली होती. शिक्षा देणारे न्यायमूर्ती होते रेडमंड बॅरी. नेड आणि डॅन रानात पळाले. खुनाच्या प्रयत्नाचं वॉरंट निघालं, नेडच्या डोक्यावर १०० पौंडांचं इनाम लागलं.

भाऊ लपले होते ते मॅन्सफिल्डच्या उत्तरेला, वॉम्बॅट डोंगररांगेत बुलक ओढ्यावर. ओंडक्यांची भक्कम झोपडी, थोडं सोनं चाळणं, दारू गाळणं. भोवतालची झाडं नेमबाजीच्या सरावानं गोळ्यांनी चाळण झालेली पोलिसांना पुढे सापडली. जो बर्न आणि स्टीव्ह हार्ट हे दोन तरुण त्यांना येऊन मिळाले होते. पोलिसांना या दोघांची कल्पनाच नव्हती. खुनानंतरच्या पहिल्या जाहीरनाम्यातही नेड, डॅन आणि ‘दोन अनोळखी इसम’ असाच उल्लेख होता. तेव्हा पहिली चूक हिशेबाची. दोन माणसं पकडायला चार पोलीस पुरतात. चार माणसांना चार पोलीस, तेही दोन-दोन विभागलेले, पुरत नाहीत.

तुकडी आणि तिचं सामान

योजना दुहेरी होती. एक तुकडी ग्रेटाच्या बाजूनं दक्षिणेकडे सरकायची, दुसरी मॅन्सफिल्डहून उत्तरेकडे. केली मधे सापडतील, अशी अपेक्षा. मॅन्सफिल्डच्या तुकडीचा प्रमुख सार्जंट मायकेल केनेडी. बरोबर कॉन्स्टेबल टॉमस मॅकिंटायर, मायकेल स्कॅनलन आणि टॉमस लोनिगन. लोनिगनला व्हायोलेट टाऊनहून मुद्दाम बोलावलं होतं, कारण तो नेडला चेहऱ्यानं ओळखत होता. १८७७ मध्ये बेनाला इथे नेडला पकडताना झालेल्या झटापटीत लोनिगन होता आणि ती झटापट दोघांच्याही लक्षात राहण्यासारखी होती. चौघेही पोलीस आयर्लंडमध्ये जन्मलेले. या प्रकरणाला ‘इंग्रज शिपाई विरुद्ध आयरिश शेतकरी’ असा रंग देताना ही गोष्ट सोयीनं विसरली जाते.

२५ ऑक्टोबरला पहाटे ते निघाले. अंगावर साधे कपडे, गणवेश नाही. प्रत्येकाकडे वेब्ली पिस्तूल. लांब पल्ल्याची शस्त्रं फक्त दोन, आणि दोन्ही उसनी. मॅन्सफिल्डच्या पाद्र्याकडून आणलेली दुनळी बंदूक, आणि सोन्याच्या वाहतुकीच्या पहाऱ्याकडून मागून घेतलेली स्पेन्सर रायफल. स्पेन्सर त्या काळात मोठं हत्यार. दस्त्यात सात काडतुसं मावतात. पण प्रत्येक गोळीला खालचा दांडा ओढायचा आणि मग बंदुकीचा घोडा वेगळा चढवायचा, असं दोन टप्प्यांचं काम. हात बसला असेल तर झपाट्यानं चालते, हात बसला नसेल तर पहिल्या गोळीलाच माणूस अडखळतो. उसनं हत्यार घेऊन जंगलात गेलेल्या माणसाचा हात त्यावर बसलेला असण्याची शक्यता किती, हे वेगळं सांगायला नको.

तंबू, शिधा, सामान वाहायला घोडा, सगळं व्यवस्थित होतं. मुक्काम स्ट्रिंगीबार्क ओढ्याच्या काठी, जळून गेलेल्या जुन्या झोपडीजवळच्या मोकळ्या जागेत. पाणी जवळ, घोड्यांना चारा जवळ. बाजूला माणूस दबा धरून बसू शकेल इतकं उंच गवत, आणि आडवे पडलेले मोठे ओंडके. पोलिसांना ठाऊक नव्हतं ते एवढंच, की केलींची झोपडी तिथून साधारण दीड किलोमीटरवर होती.

केलींना मात्र पोलीस आल्याचं ठाऊक होतं. नेडनं पुढे १८७९ मध्ये जेरिल्डरी इथे मागे ठेवलेल्या ५६ पानी पत्रात लिहिलंय की घोड्यांचे माग त्याला रानात आधीच दिसले होते. त्या मुलखात लहानाचा मोठा झालेल्या माणसाला नालांच्या ठशांवरून घोडे आपल्या माणसांचे की परक्यांचे, हे ओळखायला वेळ लागत नाही. साध्या कपड्यांचा उपयोग गावात होतो, रानात घोड्याला साधे कपडे कुणी घालत नाही.

शनिवार

सकाळी सहाच्या सुमारास केनेडी आणि स्कॅनलन घोड्यांवरून ओढ्याच्या खालच्या अंगाला टेहळणीसाठी निघाले. तळावर मॅकिंटायर आणि लोनिगन. मॅकिंटायरकडे स्वयंपाकाचं काम, त्यानं पाव भाजले. दुपारी लोनिगनला ओढ्याकडून कसलासा आवाज आला. मॅकिंटायर दुनळी घेऊन बघून आला, काही दिसलं नाही, आणि येताना त्यानं पोपटांवर बार टाकले. लपून बसलेल्या माणसांचा माग काढायला आलेल्या तुकडीच्या तळावरून दिवसाढवळ्या बंदुकीचे आवाज. डोंगरातल्या दरीत बंदुकीचा आवाज कुठवर जातो, हे त्या भागातलं लहान मूलही सांगेल.

संध्याकाळी थंडी वाढली. केनेडी आणि स्कॅनलन येण्याची वेळ झाली, त्यांना वाट दिसावी म्हणून दोघांनी मोठी शेकोटी पेटवली. मॅकिंटायरचं पिस्तूल तंबूत होतं. ज्या आगीनं आपली माणसं परत यायची, तिच्याच उजेडात दोघे उभे होते, आणि बाहेर गवतात कोण आहे ते उजेडातल्याला दिसत नाही. पाचच्या सुमारास गवतातून चार जण उठले. हात वर करण्याचा हुकूम झाला.

मॅकिंटायर निःशस्त्र होता, त्यानं हात पसरले. लोनिगन ओंडक्याच्या आडोशाकडे धावला आणि त्याच वेळी गोळी लागून कोसळला. मॅकिंटायरचा जबाब असा, की तो चार-पाच पावलंच गेला होता, हात पिस्तुलाकडे चालला होता, पण पिस्तूल बाहेर निघालेलं नव्हतं. नेडचं पत्रातलं म्हणणं वेगळं. लोनिगन ओंडक्यामागे पोचला, डोकं वर काढून नेम धरणार तेवढ्यात गोळी घातली. हे अंतर काही फुटांचं, पण पुढे सगळा खटला या काही फुटांवर उभा राहिला. मॅन्सफिल्डचे डॉक्टर सॅम्युएल रेनॉल्ड्स यांना शवविच्छेदनात लोनिगनच्या अंगावर चार जखमा सापडल्या. जीव घेणारी गोळी डोळ्यातून मेंदूत गेली होती.

पुढचा अर्धा-पाऊण तास या प्रकरणातला सर्वात कमी चर्चिलेला आणि शिकण्यासारखा भाग. हल्लेखोरांनी लगेच पळ काढला नाही. त्यांनी तंबूतली शस्त्रं घेतली, तयार चहा आणि खाणं घेतलं, मॅकिंटायरला प्रश्न विचारले. बाकीचे दोघे केव्हा येणार, कुठून येणार, त्यांच्याकडे काय आहे. मग जागा वाटून घेतल्या. नेड शेकोटीजवळच्या ओंडक्याआड, बाकीचे गवतात आणि तंबूत. मॅकिंटायरला ओंडक्यावर बसवलं, म्हणजे दुरून बघणाऱ्याला तळ नेहमीसारखाच वाटावा. त्यांना शरण यायला सांगितलंस तर कुणाला मारणार नाही, असा नेडनं शब्द दिला.

नेडच्या पत्रानुसार हल्ला झाला तेव्हा त्यांच्याकडे एक बंदूक आणि एक रायफल एवढंच होतं. ते खरं मानलं, तर केनेडी आणि स्कॅनलन परतेपर्यंत पोलिसांची दुनळी आणि दोन पिस्तुलंही त्यांच्या हाती आली होती. म्हणजे दुसरा हल्ला बऱ्याच अंशी पोलिसांच्याच दारूगोळ्यावर झाला.

दोघे घोड्यांवरून तळावर आले. मॅकिंटायर पुढे गेला आणि म्हणाला, सार्जंट, आपल्याला घेरलंय, शरण गेलेलं बरं. केनेडीला ती थट्टा वाटली. हसून त्यानं हात पिस्तुलावर ठेवला, आणि गोळीबार सुरू झाला. तळावर परतताना काय खूण करायची आणि धोका असेल तर तळावरच्यानं काय करायचं, असा कुठलाही संकेत या चौघांत ठरला होता असं नोंदींत दिसत नाही. साधी शीळ, ठरावीक जागी टांगलेला रुमाल, तळाच्या अलीकडे थांबून द्यायची हाक, एवढ्यावर काम भागलं असतं. जिथे तुकडी फोडायची, तिथे पुन्हा जुळण्याची पद्धत आधी ठरवायची, हे शिकाऱ्यांनाही ठाऊक असतं.

स्कॅनलन घोड्यावरून उतरता उतरता खांद्यावरची स्पेन्सर सोडवू लागला. पट्टा अडकलेला, हात न बसलेला. मॅकिंटायरच्या सांगण्यानुसार एकही गोळी न झाडता तो पडला. केनेडी घोड्याच्या आडून लढत झाडांमधून मागे हटत गेला. काही शे मीटरवर तो जखमी होऊन पडला, आणि तिथे त्याच्या छातीत अगदी जवळून गोळी घातली गेली. तो तसाही मरणार होता, हाल नकोत म्हणून घातली, असं नेडचं म्हणणं. दयेचा हा दावा मानायचा की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं, पण मारणाऱ्यानं केनेडीचं सोन्याचं घड्याळही काढून घेतलं होतं.

गोंधळात केनेडीचा घोडा मोकळा झाला होता. मॅकिंटायरनं त्याच्यावर उडी टाकली आणि रानात घुसला. थोड्या अंतरानंतर घोडा थकला, तो सोडून दिला आणि एका वॉम्बॅटच्या बिळात शिरला. वॉम्बॅट म्हणजे अस्वलाच्या पिल्लाएवढा, जमीन पोखरणारा प्राणी. त्याच्या बिळात माणूस आडवा मावतो. बिळात बसून मॅकिंटायरनं खिशातल्या वहीत चार ओळी खरडल्या : नेड केली आणि इतरांनी आज गाठलं, लोनिगन आणि स्कॅनलन पडले, अंधार पडेपर्यंत मी बिळात लपलोय. आपण सापडलो तर निदान वही बोलेल, हा विचार. भीतीनं अर्धमेल्या माणसाला त्या क्षणी सुचलेली ही गोष्ट पुराव्याच्या दृष्टीनं सोन्यासारखी होती, कारण घटनेनंतर तासाभरात लिहिलेली नोंद उलटतपासणीत हलवणं अवघड असतं.

रविवार ते गुरुवार

रात्रभर आणि अर्धा दिवस चालून मॅकिंटायर रविवारी दुपारी तीनच्या सुमारास मॅन्सफिल्डजवळच्या एका शेतघरी पोचला. सब-इन्स्पेक्टर पेवट्रेस यांनी हाताशी असलेले मोजके पोलीस आणि गावातले स्वयंसेवक जमवले. संध्याकाळी शोधपथक निघालं. वाट दाखवायला पुन्हा तोच मॅकिंटायर. पुढे ज्या माणसाला लोकांनी पळपुटा म्हटलं, तो दमल्याभागल्या शरीरानं त्याच रात्री त्या जागी परत गेला होता.

सोमवारी पहाटे दोनच्या सुमारास लोनिगन आणि स्कॅनलन यांचे मृतदेह सापडले. तंबू जाळलेला, सामान लुटलेलं, चारही पिस्तुलं, रायफल, बंदूक आणि घोडे गेलेले. प्रेतं घोड्यावर बांधून खाली आणावी लागली. केनेडी सापडला गुरुवारी, ३१ ऑक्टोबरला. एका स्वयंसेवकाला तो झाडाखाली दिसला, अंगावर त्याचाच झगा टाकलेला. उघड्या रानात पाच दिवस गेलेल्या देहाचा एक कान नव्हता, आणि लगेच केलींनी कान कापल्याची आवई उठली. ती वर्तमानपत्रांत छापूनही आली. रानातले प्राणी काय करतात हे ठाऊक असलेल्या लोकांनीही ती पसरवली, हे विशेष. केलीनं ते नाकारलं.

जागेचा पंचनामा म्हणावा असं फारसं काही झालं नाही. काही दिवसांनी एका छायाचित्रकारानं तिथे फोटो काढला. ओंडके आणि मोकळी जागा त्यात दिसते. माणसं नेमकी कुठे उभी होती याचं मोजमाप मात्र कुणी घेतलं नाही. त्यामुळे तळ नेमका कुठे होता यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही, आणि दीडशे वर्षांनी लोक त्या फोटोतला उतार आणि ओंडके जुळवत फिरताहेत. एक टेप आणि कागदावरचा कच्चा नकाशा, एवढ्यानं हा वाद जन्मालाच आला नसता. लोनिगन ओंडक्यापासून किती पावलांवर पडला, याचंही उत्तर त्याच कागदावर राहिलं असतं.

सरकारचा घाईचा कायदा

व्हिक्टोरियाच्या विधिमंडळानं काही दिवसांत ‘फेलन्स ॲप्रिहेन्शन’ कायदा केला, १ नोव्हेंबरला त्याला मंजुरी मिळाली. शेजारच्या न्यू साउथ वेल्स वसाहतीच्या १८६५ च्या कायद्यावर तो बेतलेला होता. फरार माणसाला हजर राहण्याची मुदत द्यायची, ती संपली की त्याला कायद्याबाहेर घोषित करायचं. त्यानंतर त्याला बघताक्षणी, इशारा न देता कुणीही मारावं. आसरा देणाऱ्याला १५ वर्षांपर्यंत शिक्षा. १५ नोव्हेंबरला टोळी कायद्याबाहेर झाली.

कागदावर हा कायदा जबर दिसतो. पण याच कायद्याच्या आधारानं जानेवारी १८७९ मध्ये केलींचे नातेवाईक, मित्र आणि संशयित हितचिंतक अशा वीसहून अधिक जणांना पकडून बीचवर्थच्या तुरुंगात टाकलं. पुरावा नाही, आरोप सिद्ध होत नाही. दर आठवड्याला फक्त कोठडी वाढवायची. ऐन सुगीत शेतावरचे पुरुष आत. काहींना तीन महिन्यांहून जास्त ठेवून एप्रिलमध्ये सोडून द्यावं लागलं. ज्या समाजातून खबऱ्या मिळायला हवा होता, तिथेच पोलिसांनी दारं बंद करून घेतली. इनाम वाढत वाढत दोन्ही वसाहतींचं मिळून ८,००० पौंड झालं. तेवढ्या पैशांत मोठा जमीनजुमला झाला असता, तरी टोळी आणखी दीड वर्ष मोकळी फिरली. टोळीला खरी धास्ती होती ती मार्च १८७९ मध्ये आलेल्या क्वीन्सलँडच्या आदिवासी मागकाढ्यांची. त्यांना खबऱ्या लागत नव्हता.

२८ जून १८८० ला ग्लेनरोवन इथे पोलिसांशी झालेल्या चकमकीत बाकीचे तिघे मेले, नेड जखमी होऊन हाती लागला.

एकच साक्षीदार

खटला चालला तो लोनिगनच्या खुनाचा. तीन खुनांत हा निवडण्यामागे साधं कारण होतं. लोनिगन पडताना मॅकिंटायर काही पावलांवर उभा होता. केनेडी मेला तेव्हा तो तिथे नव्हता. प्रत्यक्षदर्शी एकच, तोही फिर्यादी पक्षाचा पोलीस, म्हणून दुजोऱ्याची गरज होती. तो नेडनं स्वतःच पुरवला होता. डिसेंबर १८७८ मध्ये युरोआ इथे आणि फेब्रुवारी १८७९ मध्ये जेरिल्डरीत बँका लुटताना ओलीस धरलेल्या लोकांसमोर त्यानं लोनिगनला आपणच मारल्याचं सांगितलं होतं. ती माणसं साक्षीला आली. बचावाची हरकत टिकली नाही.

बचावाचे वकील हेन्री बिंडन नवखे होते. नामांकित वकिलाची फी परवडली नाही. खटला बीचवर्थहून मेलबर्नला हलवला होता, म्हणजे स्थानिक ज्युरीही हातची गेली. तयारीला आणखी मुदत मागितली, मिळाली नाही. त्या काळच्या कायद्यानुसार आरोपीला शपथेवर साक्ष देता येत नव्हती, त्यामुळे ओंडक्यामागून डोकं वर काढणारा लोनिगन ज्युरीपुढे कधी उभाच राहिला नाही. ५६ पानी पत्रही न्यायालयात वाचलं गेलं नाही.

न्यायाधीश पुन्हा बॅरीच, ज्यांनी आईला शिक्षा दिली होती. त्यांनी ज्युरीला सांगितलं, की पोलीस साध्या कपड्यांत असले तरी कर्तव्यावर होते, आणि समान हेतूनं आलेल्या सगळ्यांची जबाबदारी सारखीच, गोळी कुणाचीही असो. व्हिक्टोरियाचे माजी मुख्य न्यायमूर्ती जॉन फिलिप्स यांनी शंभर वर्षांनंतर याच मार्गदर्शनावर बोट ठेवलं. स्वसंरक्षणाचा मुद्दा ज्युरीकडे नीट सोपवलाच गेला नाही, असं त्यांचं मत. आमच्या मते ते बरोबर आहे, आणि तरीही निकाल बदलला असता असं वाटत नाही. लोनिगनबद्दल स्वसंरक्षण म्हणता येईल, पण बंदिवानाला ओंडक्यावर बसवून पुढच्या दोघांची वाट बघणं याला ते नाव देता येत नाही. खटला दोन दिवसांत संपला. ज्युरीला अर्धा तास लागला. ११ नोव्हेंबर १८८० ला फाशी झाली.

पोलीस खात्याची चौकशी करणाऱ्या १८८१ च्या राजआयोगानं, फ्रान्सिस लाँगमोर यांच्या अध्यक्षतेखाली, पोलीस आयुक्त स्टँडिश यांच्यापासून खालपर्यंत वरिष्ठ अधिकाऱ्यांवर ताशेरे ओढले. मॅकिंटायरनं त्याच वर्षी नोकरी सोडली. मरेपर्यंत, १९१८ पर्यंत, त्याला एकच प्रश्न विचारला गेला : तू थांबला का नाहीस? हातात शस्त्र नसलेल्या माणसानं थांबून काय करायला हवं होतं, हे विचारणाऱ्यांनी कधी सांगितलं नाही. तो थांबला असता तर लोनिगनचा खटला उभा राहिला नसता, एवढं नक्की.

केनेडी आणि लोनिगन यांच्यामागे बायका-मुलं होती, स्कॅनलन अविवाहित. मॅन्सफिल्डच्या मुख्य चौकात तिघांचं स्मारक १८८० पासून उभं आहे. ओढ्यावर येणारे पर्यटक मात्र ‘केलीचं झाड’ विचारतात. ते झाड मुळातलं नाही. त्याच्या खोडावर ठोकलेलं धातूचं शिरस्त्राण वाढत्या सालीत हळूहळू बुजत चाललंय. २०१८ मध्ये तिथली मांडणी पोलिसांच्या वंशजांना विचारून बदलली, तिघांची नावं आणि माहिती पुढे आणली. फोटो अजूनही शिरस्त्राणाशेजारीच जास्त काढले जातात, जे त्या शनिवारी तिथे नव्हतंच.